उलट्या फेऱ्याच्या कुरडया

मी डावरी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात माझं नाव सांगायच्या आधी हेच सांगायची पद्धत होती. पाहुणे आले, ओट्यावर टेकले, पाण्याचा तांब्या हातात घेतला की माय म्हणायची, "ही थोरली, शोभा. आन् ही धाकटी, डावरी है." मग पाहुणे मला शिंगं फुटल्यासारखं बघायचे. एखादी म्हातारी गालाला हात लावून म्हणायची, "माय माय! मंग सासरी कसं व्हायचं गं हिचं?" मी तेव्हा सहावीत होते. सासर कुठल्या दिशेला असतं तेही मला ठाऊक नव्हतं, पण तिथं आपलं काही खरं नाही एवढं मात्र कळून चुकलं होतं. सुमन हे माझं नाव त्यातल्या कितीजणींना माहीत होतं देव जाणे.

आम्ही परतूरला राहायचो, मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत. अप्पांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली, तिच्यात एक मशीन, एक फळी आणि खुंट्यांना लटकलेले लोकांचे सदरे. मोंढ्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की आमच्या अंगणात, तुळशीत, कधी कधी ताटातल्या वरणातसुद्धा कापूस उडून यायचा. सकाळी मशीनची खडखड सुरू झाली की ती दिवे लागेपर्यंत. चिंध्यांना घरात तोटा नव्हता. माय रोज सकाळी माझी वेणी घालायची, आणि वेणी झाली की त्या चिंध्यांतली एक घेऊन माझ्या डाव्या मनगटाला बांधायची. आठवण राहावी म्हणून. हात पुढं जाईल, चिंधी दिसेल, आणि मी तो मागं घेईन, असा तिचा हिशेब. एक दिवस गणवेशाच्या निळ्या कापडाची चिंधी, एक दिवस कुणाच्या तरी लग्नाच्या चोळीतली जरीकाठाची. वर्गातल्या पोरींना वाटायचं ही माझी फॅशन आहे. दोघीतिघींनी तर घरून स्वतःच्या मनगटाला चिंध्या बांधून आणल्या. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. चार दिवस का होईना, आपल्यामुळं वर्गात काहीतरी सुरू झालं, ते मला मोडायचं नव्हतं.

माय दुष्ट नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. आजकाल अशा आठवणी सांगितल्या की ऐकणारे लगेच आईबापांना फासावर द्यायला निघतात. तिला माझी काळजी होती, आणि तिला येत होता तो एकच इलाज ती करत होती. तिचा नियम सरळ होता. लिही कशानंही, दगड मार कशानंही, पण तोंडात जाणाऱ्या वस्तूला डावा हात लावायचा न्हाई. त्यामुळं कणीक मळणं, पापड लाटणं, शेवया वळणं, नैवेद्याचं ताट वाढणं, हे सगळं माझ्यासाठी बंद. उजव्या हातानं मी करून बघायची. पापड लाटला की तो आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा व्हायचा. शोभाक्का हसायची नाही, गुपचूप तो मोडून पुन्हा गोळा करायची आणि स्वतःच्या लाट्यांत मिसळून टाकायची.

उरलं काय, तर न खाण्याच्या वस्तू. त्यांत मात्र मी राणी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं अंगण म्हणजे कारखाना असायचा. रद्दीचे कागद फाडून रांजणात तीन दिवस भिजत घालायचे, त्यात मूठभर मेथ्या. कागद पार गळून गेला की उखळात कांडून त्याचा लगदा करायचा. पातेलं पालथं घालायचं, त्यावर ओलं फडकं, आणि फडक्यावर तो लगदा हातानं थापत जायचं, सगळीकडं सारखा, कुठं पातळ नाही, कुठं जाड नाही. चारपाच दिवसांनी कडक वाळला की पातेल्यावरून अलगद सोडवायचा. झाली टोपली. वरून अप्पांच्या चिंध्या खळीनं चिकटवायच्या. कुणाला करून बघायचं असेल तर एकच सांगते, मेथ्यांत कंजूषपणा करू नका. मेथीमुळं लगदा चिकटतो आणि तिच्या कडूपणानं टोपलीला किडा लागत नाही. आमच्या भाकरी, शेवया, कुरडया वर्षभर असल्याच टोपल्यांत राहायच्या. म्हणजे बघा, खाण्याला माझा हात चालत नव्हता, पण माझ्या डाव्या हातानं थापलेल्या टोपलीत ते खाणं बरोबर चालत होतं. हे मी एकदा मायला बोलून दाखवलं. तिनं फुंकणी उगारली, पण तिला हसू आल्तं.

कात्री मात्र माझ्यावर रुसलेली होती. अप्पांची मोठी काळी कात्री डाव्या हातात धरली की कापड कापायची नाही, नुसतं चावायची. एकदा अप्पांनी बघितलं. मला वाटलं आता ओरडा. त्यांनी कात्री घेतली, चष्म्याजवळ धरून दोन्ही पाती उघडझाप करून बघितली आणि म्हणाले, "हिची पातीच उजव्या हातासाठी बसवलेली हैत. तू काय करशील त्याला." एवढंच बोलले आणि पुन्हा पाय मशीनवर. परवा माझी नात ओवी पुण्याहून आली होती, ती माझ्यावरच गेलीय, डावरी. तिच्या खोक्यात रंगीत कागद, डिंक, टिकल्या, आणि मोबाइलवर बघून घरच्या घरी काय काय करायच्या वस्तूंची ही मोठी यादी. त्यात एक हिरवी कात्री होती, डाव्या हाताची. दुकानात मिळते म्हणे. मी ती हातात घेतली आणि एक जुनं कॅलेंडर सरळ रेषेत कापत गेले. साठीच्या पुढं पहिल्यांदा माझ्या हातानं कात्री चालली. ओवी म्हणाली, "आजी, रडतेस कशाला?" मी म्हटलं, "माझ्या बापाचं बरोबर होतं गं, म्हणून."

तर, शोभाक्काचं लग्न ठरलं. भोकरदनची मंडळी, शेतीवाडी चांगली, नवरदेव शाळेत मास्तर. तारीख निघाली आणि घरात रुखवताचं वारं शिरलं. आता कार्यालयात रुखवत भाड्यानं आणून मांडतात आणि संध्याकाळी टेम्पोत भरून परत नेतात, म्हणून सांगते. तेव्हा रुखवत म्हणजे मुलीच्या घरातल्या बायांच्या हातांची परीक्षा. मांडवात एका बाजूला सगळं मांडायचं, आणि नवऱ्याकडच्या बाया येऊन एकेक वस्तू उचलून बघणार, पापड उन्हाकडं धरून त्याची जाडी तपासणार, शेवया मोडून त्यांचा आवाज ऐकणार. शोभाक्कानं काडेपेटीच्या काड्यांचा बंगला करायला घेतला, मण्यांचं तोरण घेतलं, पुठ्ठ्यावर डाळी चिकटवून मोर घेतला. मी सुपारीचे नवरा-नवरी केले. नवऱ्याला बोटभर धोतर, नवरीला जरीच्या चिंधीचा शालू, डोळे मोहरीचे. शोभाक्का खोलीचं दार लावून घ्यायची आणि म्हणायची, "कर तू डाव्यानं. कोन बघून राह्यलं?" कुणी विचारलं तर मीच केले म्हणून सांगेन, असंही तिनंच ठरवलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

पण रुखवतातलं खरं मानाचं पान म्हणजे कुरडया. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, गोल. त्यांची मोठी परात सगळ्यांत पुढं असायची. आणि कुरडयांत मायचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोंढ्यामागच्या गल्लीत नव्हतं, आणि ती म्हणायची की परतुरातही नव्हतं. गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर तो आंबूस वास. तो वास आला की मला अजूनही शाळा सुटल्यासारखं वाटतं. मग पाट्यावर वाटायचं, फडक्यातून गाळायचं, रात्रभर तो चीक खाली बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी निथळून टाकलं की भांड्याच्या तळाशी दह्यासारखा घट्ट चीक. चुलीवर आधण, त्यात मीठ, हिंग, आणि एकीनं चीक ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं गरागरा घोटायचं. शिजून चकाकी आली की गरम गरम सोऱ्यात भरायचा. सोऱ्या आमचा पितळी, वर फिरवायची मूठ. ऊन चढायच्या आत धाब्यावर, म्हणजे आमच्या मातीच्या सपाट छपरावर, जुनी लुगडी अंथरून त्यावर कुरडया घालायच्या. चीक गरम असेपर्यंतच त्याची तार निघते. निवला की तुटतो, आणि ठेवला तर आंबून जातो. माय म्हणायची, लेकरू आन् चीक थांबत न्हाई.

त्या दिवशी आम्ही तिघीच होतो. टेंभुर्णीची आत्या येणार होती, पण तिची गाडी जालन्याला बदलायची असायची, त्यामुळं ती दुपारशिवाय काही पोचत नव्हती. शोभाक्का खाली चुलीपाशी, कारण लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, नवरीनं उन्हात पाय टाकायचा नाही असा आत्याचा हुकूम आधीच येऊन पडलेला. माय धाब्यावर कुरडया घालत होती. माझं काम दोनच, एक कावळे हाकलायचे आणि दोन, वाटीत गरम चीक घेऊन त्यात साखर घालून खायचा. दुसरं काम मी जास्त मन लावून करत होते. मायचे दोन घाणे घालून झाले होते. लुगड्यावर ओळीनं पांढऱ्या कुरडया, सगळ्या एकाच मापाच्या, सगळ्यांचे फेरे घड्याळाच्या काट्यासारखे एकाच बाजूला वळलेले. तिसऱ्या घाण्याचं पातेलं शोभाक्कानं शिडीवरून वर दिलं. माय ते घ्यायला वाकली, फडकं सटकलं, पातेलं कलंडलं, आणि रटरटता चीक तिच्या उजव्या हातावर आला.

चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. मायनं हात शेजारच्या पाण्याच्या घागरीत कोपरापर्यंत घातला. शोभाक्का शिडीवरून किंचाळली, "माय! मी येते वर, मी घालते!" माय दातांवर दात ठेवून म्हणाली, "तू वर येऊ नकू. बिलकुल न्हाई. खाली जा, चूल बघ." मी वाटी हातात धरून तशीच उभी. अर्ध्याहून जास्त चीक पातेल्यात शिल्लक होता, खाली अजून दोन घाण्यांचा होता, आणि वरून ऊन चढत होतं. मायनं एकदा पातेल्याकडं बघितलं, एकदा उन्हाकडं, मग माझ्याकडं. "सुमे, सोऱ्या भर."

मी भरला. उजव्या हातात मूठ धरली आणि फिरवली. तार आली, तुटली. पुन्हा आली, जाड झाली, एका जागी गोळा होऊन बसली. पहिली कुरडई झाली ती कुरडई नव्हती, शेणाच्या गोवरीचं पोर होतं. दुसरी तशीच. माझे डोळे भरून आले. चीक निवत चालला होता आणि मला कळत होतं की अक्काच्या रुखवताची परात माझ्यामुळं अर्धी राहणार. माय घागरीत हात घालून बसली होती. ती म्हणाली, "थांब." मग म्हणाली, "इकडं ये." मी गेले. तिनं डाव्या हातानं माझ्या मनगटाची चिंधी धरली, गाठ ओढली, सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. त्या दिवशीची चिंधी पिवळी होती, हळदीच्या सदऱ्याची. तिनं ती बाजूला टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "डाव्यानं घाल. जल्दी कर."

काय सांगू! मूठ डाव्या हातात आली आणि सोऱ्या माझा झाला. तार सुटली ती सुटलीच, बारीक, अखंड. एक फेरा, दुसरा, तिसरा, वरून एक आडवा, झाली. पुढची. पुढची. घाणा संपला, शोभाक्का पुढचा वर द्यायला आली, या वेळी माय बोलली, "खाली ठिव, दोरीनं वर वढ," आणि मी तसं केलं. पाचवा घाणा संपला तेव्हा उन्हानं पाय भाजत होते आणि अख्खं एक लुगडं माझ्या कुरडयांनी भरलं होतं. तेव्हा कुठं माय उठली, हात तसाच वर धरून लुगड्याच्या कडेनं चालत गेली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. "तार चांगली है," ती म्हणाली. "बारीक है." आणि मग, "फेरा उलटा पडला, व्हय गं?" मी बघितलं. खरंच. मायच्या लुगड्यावर सगळे फेरे एका बाजूला आणि माझ्या लुगड्यावर सगळेच्या सगळे दुसऱ्या बाजूला.

दुपारी आत्या आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, उंच, खणखणीत आवाजाची. लग्नकार्य म्हटलं की तिच्या अंगात यायचं. आधी तिनं मायचा हात बघितला, अप्पांना दुकानातून उठवून त्यांच्याबरोबर तिला डॉक्टरकडं पाठवलं, पट्टी झाली, चहा झाला. मग ती शिडीनं धाब्यावर चढली आणि दोन मिनिटांत तिचा आवाज गल्लीभर गेला. "वहिनी! ह्या काय घातल्या? उलट्या फेऱ्याच्या? डावरीला बसवलं का काय सोऱ्यावर?" माय खाली मान घालून म्हणाली, "चीक थांबत नव्हता, वन्सं." आत्या म्हणाली, "अवो, घरात खा, कोन न्हाई म्हणतंय? पन रुखवतात? भोकरदनवाल्या बाया काय म्हणतील, सगळा संसार उलटा मांडून दिला पोरीला! ह्या बाजूला काढा. शेजारच्या म्हशीला घाला, पुण्य तरी लागंल." आणि तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही लुगड्यांच्या मधोमध विटांची एक ओळ लावली, अलीकडं मायच्या, पलीकडं माझ्या.

मी शिडीखाली बसून रडले. म्हशीला घालणार याचं दुःख होतं, पण ते तितकं नव्हतं. सकाळी तो सोऱ्या हातात असताना मला पहिल्यांदा वाटलं होतं की मी या घराच्या कामाची आहे, आणि ते असं अर्ध्या दिवसात काढून घेतलं. मायनं माझी बाजू घेतली नाही याचा मला आत्याच्या बोलण्याहून जास्त राग आला.

आत्या जेवून आडवी झाली. तीन वाजले असतील, माय मला म्हणाली, "चल, पालटायच्या हैत." ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना हे माहीत आहे. वरून वाळल्या की त्या एकेक उचलून पालथ्या कराव्या लागतात, नाहीतर खालची बाजू ओली राहते आणि बुरशी येते. मी तोंड फुगवून वर गेले. मायनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती आपल्या लुगड्यापाशी बसली आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हातानं पालटायला लागली. सवय नव्हती, एकेक कुरडई हळूच, बोटं चाचपडत. मी विटांच्या पलीकडं माझ्या पालटत होते. चारपाच झाल्या असतील, आणि मायचा हात थांबला. तिनं एक कुरडई उचलली, पुन्हा सुलटी केली. पुन्हा पालथी केली. मग माझ्या बाजूला बघितलं. मग आपल्या बाजूला. आणि ती हसायला लागली. हाताचा ठणका असताना, पट्टी छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सुमे, इकडं ये. बघ गं बाई, बघ."

मी बघितलं. मायनं पालथ्या केलेल्या कुरडयांचे फेरे माझ्यासारखे झाले होते. आणि मी पालथ्या केलेल्यांचे फेरे मायसारखे. "जलमभर कुरडया घातल्या म्या," माय म्हणत होती, "रोज दुपारी पालटल्या, आन् कधी ध्यानात आलं न्हाई. माझ्याबी अर्धा दिवस उलट्याच असतात की!" मग ती गंभीर झाली. एक वीट उचलली आणि धाब्याच्या कडेला ठेवली. दुसरी उचलली. मी उरलेल्या उचलल्या. मधली ओळ गेली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आत्या टोपली घेऊन वर आली. विटा नाहीत बघून ती जरा घोटाळली, पण तिचा स्वतःच्या नजरेवर फार भरवसा. "वहिनी, मीच निवडते. तुमच्यानं न्हाई व्हायचं," म्हणत ती बसली आणि उलट्या फेऱ्याची एकेक कुरडई उचलून टोपलीत टाकायला लागली. म्हणजे मायच्या सगळ्या. टोपली भरली तशी मी पदराचा बोळा, म्हणजे ओढणीचा, तोंडात कोंबला. माय अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वन्सं, तुमची नजर म्हंजे नजर." आत्या खूश झाली. माय पुढं म्हणाली, "टोपली द्या इकडं, म्हशीचं मी बघते." ती टोपली कोठीत गेली, वर्षभर आम्हीच त्या कुरडया तळून खाल्ल्या. टोपलीही माझीच होती, मेथ्या घातलेल्या कागदाच्या लगद्याची.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला माय ताटावर बसली आणि तशीच बसून राहिली. उजवा हात पट्टीत, आणि डाव्या हातानं जेवायचं तिच्या जिवावर आलेलं. अक्का वाढत होती. मी मायच्या ताटापाशी गेले, भाकरी कुस्करली आणि उजव्या हातानं घास उचलला. उजव्याला स्वतः जेवायची सवय होती, दुसऱ्याला भरवायची नव्हती; तो तिच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर अर्धा लुगड्यावर सांडला. दुसराही तसाच. माय म्हणाली, "तुला जमतं त्या हातानं भरव." मी थांबले. ती तोंड उघडून वाट बघत होती. मी तिला पंधरा दिवस जेवू घातलं, दोन्ही वेळा, डाव्या हातानं. वेणी अक्का घालायची आणि चिंधी कुणीच बांधत नव्हतं. पण हे सगळं घराच्या आत होतं. बाहेर मी तीच होते, धाकटी, डावरी, आणि परातीतल्या कुरडया मायच्या.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. काड्यांचा बंगला, डाळींचा मोर, अक्कानं केलेले म्हणून माझे सुपारीचे नवरा-नवरी, आणि सगळ्यांत पुढं कुरडयांची परात. परात आत्यानं स्वतः लावली होती, एकेक फेरा बघून, सगळे एका बाजूला वळलेले. भोकरदनच्या बाया आल्या. विहीणबाई पुढं, ठसठशीत कुंकू, बारीक नजर. त्यांनी पापड बघितले, शेवया बघितल्या, आणि परातीपाशी येऊन थांबल्या. एक कुरडई उचलली, उजेडाकडं धरली. "तार लई बारीक है हो. कोनाचा हात म्हणायचा हा?" आत्या छाती पुढं काढून म्हणाली, "आमच्या वहिनीचा. अख्ख्या परतुरात असा हात न्हाई."

मी खांबाआड होते. माय विहीणबाईंच्या समोर, पट्टीचा हात पदराखाली. तिनं नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं. सगळं नीट चाललं होतं, लग्न लागायचं होतं, समोर नवऱ्याची आई होती. माय एक पाऊल पुढं आली. "न्हाई," ती म्हणाली. "माझा हात त्या दिवशी भाजल्ता. ह्या आमच्या सुमनच्या हैत. डाव्या हाताच्या."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. मायनं विहीणबाईंच्या हातातली कुरडई आपल्या डाव्या हातात घेतली आणि पालथी केली. फेरा उलटा. सुलटी केली. फेरा सरळ. "धाब्यावर बघितलं मी," ती म्हणाली, "इकडून बघितलं तर उजवी है, तिकडून बघितलं तर डावी है. कुरडई तीच है." विहीणबाईंनी ती परत घेतली. पालटली. पुन्हा पालटली. शेजारच्या दोघी वाकून बघायला लागल्या, त्यांनीही एकेक उचलून पालटून बघितली. आणि विहीणबाई मोठ्यांदा हसल्या. "अगं माय! म्हंजे आमच्या घरीबी जलमभर हेच चाललंय! कुठं है ती पोरगी? सुमन, ये की पुढं." मी पुढं गेले. त्यांनी माझा हात धरला, तोच, आणि उलटसुलट करून बघितला, कुरडई बघावी तसा.

बायांनी उचलल्यामुळं परात विस्कटली होती, आत्या ती पुन्हा लावायला बसली. दोन लावल्या. तिसरी हातात घेतली, पालटली, पुन्हा पालटली, आणि तिचा हात परातीवर तसाच राहिला. मग तिनं वर मान केली, मला शोधलं, आणि भर मांडवात सगळ्यांदेखत विचारलं, "सुमन, कोनती बाजू वर ठिऊ गं?"

मी म्हटलं, "ठेवा आत्या, कशीबी."